माझी माफी मागायला आलेली अकरा माणसं

आधीच सांगून टाकते, पुस्तक मी उघडलं होतं. पुढे ऐकताना कुणाला माझी कीव यायला नको.

मी गिलियन प्रॉक्टर, पिट्सबर्गची. आमच्या घरात देव हा विषयच नव्हता. बाबा वायरमन आणि कामगार संघटनेचे पुढारी. रविवारी सकाळी गल्लीतले लोक चर्चला निघाले की ते मुद्दाम गाडी धुवायला काढायचे आणि जाणाऱ्याला हसून हात करायचे. मी त्यांचीच लेक. आणि अशी मी तेविसाव्या वर्षी टेनेसीच्या डोंगरातल्या माउंट टिरझा कॉलेजात जाऊन पडले. तिथं नाचायला बंदी, प्यायला बंदी, मुलग्यांनी मुलींच्या वसतिगृहात बैठकीच्या खोलीपलीकडे पाऊल टाकायला बंदी. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला चॅपलमध्ये नऊशे जणांत बसायचं, ते मात्र सक्तीचं.

गेले कारण माझं आधीचं कॉलेज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात असतानाच बंद पडलं. एक अख्खं वर्ष पाण्यात गेलं. झालेला अभ्यास धरून घ्यायला तयार असलेलं हे एकच कॉलेज निघालं. ‘येशूवर विश्वास आहे का?’ असं अर्जात विचारलं होतं. मी ‘नाही’ लिहिलं. तरी घेतलं. खाली फक्त एक ओळ होती, की मी इथले नियम पाळीन आणि खोटं बोलणार नाही. मी सही ठोकून दिली. सही करायला काय लागतं?

माझ्या खोलीत ॲनाबेथ टॅकेट होती. केंटकीतल्या कोळशाच्या खाणीजवळच्या गावातली, पाद्र्याची मुलगी, लांब स्कर्ट, लांब वेणी. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, "हे बघ, माझ्यासाठी प्रार्थनाबिर्थना करायची नाही."

ती म्हणाली, "बरं. मग तुझा पलंग कुरकुरतोय तो तरी नीट करू का?" आणि पाना घेऊन खाली शिरलीसुद्धा.

दीड वर्ष मी त्या लोकांची खोट सापडायची वाट बघत होते. माझी खात्री होती की एवढं गोड बोलणारी माणसं आतून सडकी असणार. खोल्यांना कुलपं नव्हती. भोजनगृहात पाकीट विसरलं तर ते संध्याकाळपर्यंत त्याच टेबलावर, फार तर त्यावर कुणी पाणी सांडू नये म्हणून उलटी बशी ठेवलेली. मला फ्लू झाला तेव्हा आठ दिवस ॲनाबेथनं मला मक्याचा ब्रेड आणि सूप आणून भरवलं, आणि माझ्या उलटीची बादली धुताना ती गुणगुणत होती. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचाही राग यायचा. माणसानं थोडं तरी वाईट वागावं की नाही?

आता परीक्षेचं. औषधांच्या मात्रांचा विषय डॉ. लेडबेटर शिकवायचे. सत्तरीला आलेले, काटकुळे, बारा महिने तोच तपकिरी कोट. त्यांचा पेपर म्हणजे वीस गणितं. शंभरपैकी नव्वद मिळाले तर पास, नाही तर विषय पुन्हा घ्यायचा, आणि तो वर्षातून एकदाच असायचा. "इस्पितळात एकोणनव्वद टक्के बरोबर मात्रा दिली तर बाकीचे अकरा कुठे पुरायचे?" असं ते विचारायचे. आणि पेपर कसा, तर बंद पाकिटात. घेऊन जा, कुठंही बसा, दीड तासात सोडवा, पुस्तक उघडू नका, आणि शेवटी ‘मी मदत घेतली नाही’ असं लिहून सही करा. वर्गात कुणी पहारा देत नाही. मला तर ते ऐकून हसूच आलं होतं.

मी ग्रंथालयात वरच्या मजल्यावर बसले. सतरा गणितं ठाम बरोबर होती. दोन चुकल्याचं कळत होतं. उरलं एक, लहान मुलाला हृदयाचं औषध किती द्यायचं ते. पुस्तक पिशवीतच होतं. पास झाले तर मेमध्ये शेवटचं सत्र, नाही तर अजून एक वर्ष वाया. मी पुस्तक काढलं, पान उघडलं, पायऱ्या उतरवल्या, पुस्तक ठेवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग सही केली.

मिळाले बरोब्बर नव्वद.

चार दिवसांनी मुलींच्या डीन मिस व्हर्लीन हॉबगुड यांनी मला बोलावलं. या बाई गोल, गोऱ्या, सदा लोकरीचं काहीतरी विणणाऱ्या. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या.

"गिलियन, बाळ, एक अप्रिय गोष्ट आहे. तुझ्या एका गणिताच्या पायऱ्या पुस्तकातल्यासारख्या आहेत. शब्दन् शब्द. डॉ. लेडबेटरना वाटतंय की तू पुस्तक उघडलंस."

भीती वाटली की मी उलट अंगावर जाते, ही बाबांची देणगी. मी म्हटलं, "असं त्यांना वाटतंय? मग त्यांनी मला का नाही विचारलं?"

मिस व्हर्लीन पुढे झुकल्या. "ते तुझ्याशी बोलले नाहीत?"

"नाही. एक अक्षर नाही."

"आधी तुझ्याकडे आले नाहीत?"

"नाही म्हटलं ना."

त्यांनी विणकाम पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, "तर मग मला हे ऐकून घ्यायचाही अधिकार नव्हता. तू जा, बाळ." त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता, जणू मीच त्यांना चोरी करताना पकडलं होतं.

मला काही कळेना. खोलीवर येऊन ॲनाबेथला सांगितलं. तिनं हातातली इस्त्री उभी केली आणि एकच विचारलं, "तू उघडलं होतंस का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तिचं विचारणं संपलं. मग ती मला समजावायला लागली. त्यांच्याकडे रीत अशी, की कुणी चुकलं असं वाटलं तर आधी त्याच्याकडे एकट्यानं जायचं. तिसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. त्यानं ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जायचं. त्यानंही भागलं नाही तरच मंडळीपुढे. "हे आमच्याकडे पोरांना बुटाची नाडी बांधायच्या आधी शिकवतात. आणि डॉ. लेडबेटर भोजनगृहात, सगळ्या शिक्षकांच्या टेबलावर बोलले, गिली. शेजारच्या टेबलावर पोरं होती. आता सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. हे फार वाईट झालं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला. अरेच्चा, यांच्या कायद्यात तर फट आहे!

मजल्यावरच्या फोनवरून मी बाबांना फोन लावला. त्यांना पुस्तकाचं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. ते खूश. "आधी नोटीस नाही, सुनावणी नाही? गिली, संघटनेत असली केस पहिल्या दिवशी उडते. तू गप्प बस फक्त. हे धार्मिक लोक असेच, दुसऱ्याला शिकवायला पुढे."

मी गप्प बसले. ॲनाबेथ बसली नाही. वर्गात प्रश्न विचारायलाही लाजणारी ती मुलगी दुपारी सरळ डॉ. लेडबेटरच्या खोलीत गेली, एकटी, दार लोटून घेतलं, आणि त्यांना म्हणाली की सर, तुम्ही चुकलात, माझ्या मैत्रिणीचं नाव तुम्ही तिच्या पाठीमागे घेतलंत. हे मला तिनं सांगितलं नाही. दाराबाहेर वह्या घेऊन थांबलेल्या पोरानं सांगितलं. ती परत आली आणि राहिलेली इस्त्री करायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. लेडबेटर आमच्या वसतिगृहात आले. बैठकीच्या खोलीत उभे होते, हॅट दोन्ही हातांत धरून. आजूबाजूच्या पोरी उठून गेल्या. मी तयारीत होते. विचारतील, मी नाही म्हणेन, मग म्हणतील सिद्ध कर, मग मी म्हणेन तुम्हीच करा.

"मिस प्रॉक्टर," ते म्हणाले, "माझ्या मनात तुमच्याबद्दल शंका आली. ती घेऊन मी तुमच्याकडे यायला हवं होतं. मी दुसऱ्यांकडे गेलो. मी तुमचं नाव खराब केलं. मला क्षमा कराल का?"

"असू दे, ठीक आहे," मी म्हटलं.

"ठीक नाही. मी चुकलो. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, दोन्हीचा तुम्हाला हक्क आहे."

"हो," मी म्हटलं. मला वाटलं आता विचारतील. ते हॅट घालायला लागले. मला राहवलं नाही. "तुम्ही मला विचारणार नाही? पुस्तकाचं?"

"आज मी माझ्या चुकीसाठी आलोय. क्षमा मागायला आलेल्या माणसानं दुसऱ्या खिशात आरोप ठेवू नये." मग म्हणाले, "मात्र मी बोललो चारचौघांत. तेव्हा गुरुवारी चॅपलमध्ये उभा राहीन."

"नको, सर," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला असणार.

गुरुवारी ते उभे राहिले. चाळीस वर्षं त्या कॉलेजात शिकवलेला माणूस, समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या आईबापांना शिकवलेला, कागद न घेता पुढे आला. त्यांनी समोरच्या लाकडी मेजाची कड धरली. चारच वाक्यं बोलले. मी एका विद्यार्थिनीबद्दल तिच्या पाठीमागे बोललो. ते करायला नको होतं. तिनं मला क्षमा केली आहे. तुम्हीही करा. आणि खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कुजबुजलं नाही. मग सगळे गाणं म्हणायला उठले. ते लोक एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरांत गातात, कुणी न शिकवल्यासारखे, आणि मी दीड वर्ष तिथं तोंड मिटून छताच्या फळ्या मोजत आले होते. त्या दिवशी फळ्याही मोजता येईनात.

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय!

बाहेर पडते तर दारात बास्केटबॉल खेळणारा एक ताडमाड मुलगा उभा. "तू मला ओळखत नाहीस. भोजनगृहात ते ऐकलं तेव्हा मी खरं मानलं. मला माफ कर." मी मान हलवली. पायऱ्यांवर दुसरी. ती म्हणाली की तिनं ही गोष्ट तिच्या बहिणीला सांगितली होती, आता बहिणीलाही पत्र लिहिणार आहे. जेवताना तिसरा, चौथी. एक मुलगी पेकन-पाय हा अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ घेऊन आली, तिच्या आईनं घरून पाठवलेला, अख्खा, न कापलेला. भोजनगृहात तळलेली भेंडी वाढणाऱ्या मिस ओपल, ज्या माझ्या ताटात नेहमी एक डाव जास्त टाकायच्या, त्या एप्रनची कड चाचपत म्हणाल्या, "मी दोन दिवस तुला जास्त भेंडी वाढली नाही, पोरी. रागानं. ते चुकलंच माझं." शनिवारपर्यंत दहा जण झाले. प्रत्येक जण एकटा यायचा, डोळ्याला डोळा भिडवून बोलायचा, आणि क्षमा मिळाली की हलका होऊन जायचा. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठं असं झालं असतं? निर्दोष माणसांची रांग लागलेली, आणि क्षमा वाटत बसलेय कोण, तर चोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकरावी ॲनाबेथ.

शनिवारी दुपारी मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती येऊन माझ्या पायाशी बसली. "गिली, मलाही एक सांगायचंय. तू ‘नाही’ म्हणालीस ना, तेव्हा अर्धा मिनिट मला खरं वाटलं नव्हतं. इस्त्री करताना. तू माझी मैत्रीण, आणि मी शंका घेतली. मला क्षमा कर."

मी उठून बसले. "तुझी शंका बरोबर होती," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली.

"मी उघडलं होतं पुस्तक. दोन मिनिटं. तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं ती लगेच गळ्यात पडेल, क्षमा केली म्हणेल, त्यांना तेवढंच येतं. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा लालभडक झाला. "मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर त्यांना चुकलात म्हटलं," ती म्हणाली. "ते रडले, गिली. माझ्यासमोर रडले." मग ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि कितीतरी वेळ पाठमोरीच राहिली. मला तिचा इतका धाक कधी वाटला नव्हता. शेवटी तिनं बूट घातले. "चल."

"तू येणार माझ्याबरोबर?"

"दारापर्यंत. आत तू एकटी जायचंस."

डॉ. लेडबेटर कॉलेजमागेच राहायचे. मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते. ॲनाबेथ फाटकापाशी थांबली. मी मातीत उभी राहून सगळं सांगितलं. रडले नाही, पण आवाज माझा वाटत नव्हता. ते गुडघ्यांवर बसूनच ऐकत होते. ‘म्हणजे माझंच बरोबर होतं’ एवढं तरी माणूस म्हणतो. ते म्हणाले नाहीत.

"त्या प्रश्नाचे पाच गुण जातील," ते म्हणाले. "आणि पेपरही जाईल. पुढच्या वसंतात विषय पुन्हा घ्या."

"माहितीय."

"एक वर्ष जाईल."

"तेही माहितीय. सर, तुम्ही चॅपलमध्ये सगळ्यांना सांगा. तुमचं खरं होतं ते."

त्यांनी हाताची माती झटकली. "मी माझ्या वागण्याची क्षमा मागितली होती, मिस प्रॉक्टर. तुम्ही काय केलंत त्यावर ती अवलंबून नव्हती. माझी चूक अजूनही चूकच आहे. तुम्ही माझ्याकडे एकट्या आलात, आपलं इथं मिटलं. मी कुणाला बोलणार नाही."

आणि खरंच बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात निकालाची यादी लागली. माझ्या नावापुढे ‘नापास’. तेव्हा पहिल्यांदा त्या कॉलेजात मी वाईट बोलणं ऐकलं. कपडे धुण्याच्या खोलीत दोघी बोलत होत्या, मी आत आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. माफी मागितली आणि मग गुपचूप नापास केलं, म्हणे. म्हातारा मनात डूख धरून आहे. भोजनगृहात ते एकटेच जेवायला बसलेले दिसले. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या. ते सावकाश भेंडी खात होते आणि कुणाला काही सांगत नव्हते. एक शब्द बोलले असते तर सगळं फिरलं असतं. पण कुणाला न सांगण्याचं वचन त्यांनी मला दिलं होतं, म्हणून ते बोलत नव्हते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, पुस्तकासकट. ते चिडले. "केस उडाली होती! कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?" मी म्हटलं, बाबा, तो माणूस माझ्यासाठी शिव्या खातोय. त्यांचा आवाज उतरला. मग म्हणाले, "संप मोडू नये म्हणून माझ्या चुकीचा आळ एकानं असाच स्वतःवर घेऊन गप्प सोसला होता. मी त्याला कधी सांगितलं नाही की मला ठाऊक आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी चॅपलमध्ये प्रार्थनेनंतर कुणाला काही सांगायचं असेल तर पुढे यायची मुभा असायची. कुणाचा भाऊ आजारी, कुणाला नोकरी लागली, असलं काही. मी उठले. प्रार्थनेत डोळेही न मिटणारी मी, नऊशे माणसांच्या मधल्या वाटेनं चालत गेले. देव आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण खोटं बोलून त्या माणसांच्यात उभं राहणं मला जमेना, हे खरं.

"मी गिलियन प्रॉक्टर," मी म्हटलं. "डॉ. लेडबेटरना जे वाटलं ते खरं होतं. मी पुस्तक उघडलं होतं. त्यांना हे दहा दिवस माहीत आहे आणि ते तुमचं बोलणं ऐकून घेत आहेत. तुमच्यातले अकरा जण माझ्याकडे क्षमा मागायला आले. ती मी द्यायला नको होती, मी मागायला हवी होती."

पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. परत माझ्या जागेपर्यंत जायची वाट मला दिसेना, डोळे इतके भरून आले होते. पहिल्याच रांगेत शिक्षक बसायचे. डॉ. लेडबेटरनी शेजारचं गाण्यांचं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं, थोडे सरकले, आणि रिकाम्या जागेवर हातानं थोपटलं.

मी बसले. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "टोमॅटो लावायला माणूस हवाय. शनिवारी या. टॅकेटलाही आणा."